साताऱ्याचीं वस्त्रें आणि पुण्याची सत्ता

१

पेशवाईंतील एखादी सनद किंवा आज्ञापत्र हातीं आलें म्हणजे जुने कागद जमविणाराची दृष्टि प्रथम शिक्क्याकडे जाते. मजकूर मागाहून वाचला जातो. हें योग्यच आहे. कागद कोणी लिहिला हें अक्षरावरून व मायन्यावरून ताडतां येतें. परंतु तो कोणत्या अधिकारानें लिहिला हें शिक्काच सांगतो. पेशव्यांच्या शिक्क्यांचा सांचा आमच्या वाचकांच्या पूर्ण परिचयाचा आहे. ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’ असा तो असतो. म्हणजे आधीं छत्रपतीचें नांव आणि मग प्रधानाचें. शाहू महाराजांमागून रामराजा गादीवर आला, तेव्हां थोरल्या माधवरावाच्या शिक्क्यांत ‘राजा शाहू’ च्या जागीं ‘राजाराम’ आलें. रामराजामागून धाकटा शाहू आला, तेव्हां पुनः ‘राजा शाहू’ हीं अक्षरें आलीं. शेवटल्या बाजीरावाच्या शिक्क्यांतहि छत्रपतीचें नांव वर आणि ‘बाजीराव रघुनाथ’ हें नांव त्याखालीं आहे. माणसें बदललीं, सांचा मात्र शंभर वर्षें बदलला नाहीं.

आतां याच काळांतील वस्तुस्थिति पाहूं. इ. स. १७५० पासून पुढें छत्रपति साताऱ्यास जवळजवळ बंदींत होता. मोहिमा पुण्याहून निघत, तह पुण्यास होत, वसूल पुण्यास येई, मोठमोठे वतनी तंटे पुण्यास तुटत. ज्याच्या हातीं कांहींच नाहीं त्याचें नांव शिक्क्यांत वर, आणि ज्याच्या हातीं सर्व कांहीं त्याचें नांव खालीं, असा हा प्रकार आहे. ग्रँट डफ व त्याच्यामागून आलेले इंग्रज ग्रंथकार साताऱ्याच्या राजास नामधारी म्हणून मोकळे झाले, आणि आपल्याकडेहि पुष्कळ जण या शिक्क्यांकडे जुना शिरस्ता एवढ्याच दृष्टीनें पाहतात. आमचें म्हणणें निराळें आहे. हा शिरस्ता पोकळ नव्हता. पेशव्यांच्या अधिकाराचा उगम कोठें होता आणि त्या अधिकारास मर्यादा कोठें पडत होती, हें जितकें या शिरस्त्यावरून कळतें तितकें लढायांच्या वर्णनांवरून कळत नाहीं.

२

पेशवेपद मिळणें म्हणजे छत्रपतीच्या हातून वस्त्रें व शिक्केकट्यार मिळणें. बाळाजी विश्वनाथास तीं १७१३ सालीं मिळालीं. त्याच्या मृत्यूनंतर बाजीरावास एप्रिल १७२० मध्यें मसूर येथें, आणि बाळाजी बाजीरावास जून १७४० मध्यें साताऱ्यास. या तिन्ही प्रसंगीं देणारा स्वतंत्र होता हें लक्षांत ठेविलें पाहिजे. प्रधानपद हें कायद्यानें वंशपरंपरेचें नव्हतें. १७२० मध्यें तरुण बाजीरावास पद देऊं नये असें म्हणणारे दरबारांत होते. १७४० मध्यें तर बाबूजी नाईक बारामतीकर यानें उघड उमेदवारी केली व रघूजी भोसल्याचें त्यास पाठबळ होतें. तरीहि शाहू महाराजांनीं निवड केली ती सर्वांस मानावी लागली. तेव्हां या काळांत वस्त्रें म्हणजे धन्याची खरोखरीची निवड होती, आणि ‘प्रधानाचा अधिकार धन्यापासून’ हें वाक्य अक्षरशः खरें होतें.

शाहू महाराज ता. १५ डिसेंबर १७४९ रोजीं निवर्तले. मरणापूर्वीं त्यांनीं आपल्या हातच्या दोन याद्या पेशव्यास दिल्या. फौज ठेवून राज्याचा बंदोबस्त पेशव्यानें करावा, गादीवर कोल्हापूरकरांपैकीं कोणास आणूं नये, आणि वंशांतील जो गादीवर बसेल त्याच्या आज्ञेंत राहून राज्य चालवावें, असा त्यांचा आशय आहे. या याद्यांत दोन गोष्टी एकत्र आहेत: कारभार पेशव्याकडे, आणि आज्ञा गादीची. या दोहोंची गांठ शाहू महाराजांच्या हयातींत कधीं ताणली गेली नव्हती. त्यांच्या मागून पहिल्याच वर्षीं ती ताणली गेली.

३

रामराजा हा आपला नातू, दुसऱ्या शिवाजीचा मुलगा, लहानपणीं लपवून वाढविलेला, असें ताराबाईनें सांगितल्यावरून त्यास आणून जानेवारी १७५० मध्यें साताऱ्याच्या गादीवर बसविलें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत सांगोल्याच्या मुक्कामीं त्यानें राज्याचा सर्व कारभार पेशव्याकडे सोंपविण्याचें कबूल केलें. नोव्हेंबरांत ताराबाईनेंच त्यास सातारच्या किल्ल्यावर अटकेंत टाकलें. पुढें सप्टेंबर १७५२ मध्यें जेजुरीस खंडोबाच्या देवळांत पेशव्याशीं शपथक्रिया झाली. तेव्हां ताराबाईनें रामराजा हा भोसल्यांच्या रक्ताचा नव्हे असें देवासमोर सांगितलें.

याप्रमाणें दोन-तीन वर्षांच्या आंत या छत्रपतीच्या ठिकाणीं तीन मोठीं वैगुण्यें उत्पन्न झालीं. ज्या बाईच्या साक्षीवर त्याचें कुळ उभें होतें तिनेंच तें शपथेवर नाकारलें. त्याचे अधिकार त्यानें लिहून दिले. आणि तो स्वतः कैदेंत पडला. बळानें दिलेलें, बळानें भोगलेलें व बळानें लिहविलेलें हें न केल्यासारखें समजावें, असें मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सांगितलें आहे, आणि आमच्याकडील वतनी तंट्यांतहि जबरदस्तीनें लिहून घेतलेला कागद रद्द ठरत असे. त्या न्यायानें पाहिलें तर बंदिवान छत्रपतीनें दिलेलें कोणतेंहि दान निर्विवाद मानतां येणार नाहीं.

रक्ताचाच प्रश्न असता तर त्यासहि उत्तर जवळ होतें. कोल्हापुरास राजाराम महाराजांचे पुत्र संभाजी महाराज १७६० पर्यंत हयात होते. त्यांच्या कुळाविषयीं कोणासच शंका नव्हती. तरी साताऱ्याची गादी रिकामी करून शिक्क्यांत कोल्हापूरकरांचें नांव घालावें असें घडलें नाहीं. उलट, जेजुरीच्या शपथेस जो पक्षकार होता त्याच पेशव्याच्या घरांत पुढें चार वेळां पेशवेपदाचीं वस्त्रें आलीं, आणि तीं चारहि वेळां रामराजाच्या हातचीं: जुलै १७६१ मध्यें माधवरावास, डिसेंबर १७७२ मध्यें नारायणरावास, ऑक्टोबर १७७३ मध्यें रघुनाथरावास, आणि मे १७७४ मध्यें चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावास. शाहू महाराजांसारख्या समर्थ राजानें दोन वेळां पिढीजाद पेशवे नेमले व एकदां मूळ पुरुष नेमला. आणि ज्याच्या जन्माविषयीं शपथेवर किंतु घेतला गेला त्या बंदिवानाच्या हातून चार पेशवे झाले. हें विलक्षण आहे, आणि याचा उलगडा केल्यावांचून पेशवाईच्या अधिकाराचें स्वरूप कळणार नाहीं.

४

पहिला उलगडा असा कीं, वस्त्रें देत होती ती गादी. गादीवरील मनुष्य नव्हे. रामराजा खरा कीं खोटा हा प्रश्न त्याच्या अंगाचा होता. तो एकदां सशास्त्र गादीवर बसला होता, सर्व मुत्सद्द्यांनीं त्यास मुजरा केला होता, आणि त्याच्या नांवें कागद चालूं लागले होते. जेजुरीच्या शपथेनें ताराबाई व पेशवा यांच्यामधील वाद मिटला. गादीवरील मनुष्य बदलला नाहीं. पुढें १७७७ मध्यें रामराजानें वावीकर भोसल्यांच्या घराण्यांतील मुलगा दत्तक घेतला, तोच धाकटा शाहू. येणेंप्रमाणें भोसल्यांचें निर्विवाद रक्त पुनः गादीवर आलें खरें, पण तें आलें तेंहि रामराजाच्याच दत्तविधानाच्या द्वारें. रामराजाची गादी खोटी म्हणावी तर धाकट्या शाहूचीहि गादी उभी राहत नाहीं, आणि प्रतापसिंहाचीहि नाहीं.

पण केवळ एवढ्यानें प्रश्न सुटत नाहीं. पेशव्यांनीं ही गादी अजीबात बाजूस कां सारली नाहीं, हा खरा प्रश्न आहे. फौज त्यांचीच होती. त्यांस अडविणारें कोण होतें? आमच्या मतें याचें उत्तर साताऱ्यास शोधूं नये. तें नागपूर, बडोदें, कुलाबा, भोर व औंध येथें शोधावें. नागपूरकर भोसले सेनासाहेब सुभा होते. गायकवाड सेनाखासखेल होते. आंग्रे सरखेल होते. भोरकर सचिव व औंधकर प्रतिनिधि होते. हीं सर्व पदें छत्रपतीचीं. पेशवा हाहि त्यांच्याच पंक्तींतील एक प्रधान. पेशव्यानें उद्यां ‘मी स्वतःच्या अधिकारानें पेशवा’ असें म्हटलें असतें, तर भोसले स्वतःच्या अधिकारानें सेनासाहेब व गायकवाड स्वतःच्या अधिकारानें सेनाखासखेल झाले असते, आणि त्यांजकडे चाकरी किंवा नजर मागण्यास पेशव्यास तोंड उरलें नसतें. शिंदे व होळकर यांना वर आणलें तें पेशव्यांनीं. पण त्यांनाहि ‘तुम्ही प्रधान, आम्ही सरदार’ हें नातें छत्रपतीच्या नांवाखालींच मानतां येत होतें.

गायकवाडांच्या घरांतील तंट्यावरून हें स्पष्ट होतें. १७६८ मध्यें दमाजी वारल्यावर त्याच्या मुलांत वांटणीचा कलह झाला. सेनाखासखेली प्रथम गोविंदरावास मिळाली, आणि १७७१ मध्यें ती फिरवून सयाजीरावास दिली गेली. या दोन्ही गोष्टी पुण्याहून झाल्या. पद छत्रपतीचें, पण तें मिळण्याचा दरवाजा पुण्यास, अशी ही व्यवस्था होती. दरवाजावर जो बसला आहे त्यास घराची पाटी काढून टाकून चालत नाहीं. पाटी गेली तर दरवाजाचें मोलहि जातें.

हा प्रकार एकट्या मराठ्यांचाच होता असें नाहीं. १७१९ मध्यें चौथ व सरदेशमुखीच्या सनदा दिल्लीहून आणल्या, त्याहि ज्या बादशहाची सत्ता ढांसळत होती त्याजपासूनच. १७६५ मध्यें इंग्रज कंपनीनें बंगालची दिवाणी अलाहाबादेस शहाआलमाकडून लिहून घेतली, तेव्हां तो बादशहा इंग्रजांच्याच आश्रयास होता. आणि कंपनीच्या रुपयांवर त्याचें नांव १८३५ पर्यंत चाललें. अठराव्या शतकांत हिंदुस्थानांत नवी सत्ता उभारणारे सर्वच जण जुन्या नांवाखालीं उभे होते. बळ ज्याचें त्याचें होतें. पण त्या बळास लोकांनीं अधिकार म्हणावें यासाठीं तें नांव लागत होतें.

५

येथवरचें वाचून कोणी म्हणेल कीं, मग वस्त्रें ज्याच्या हातीं पडतील तो पेशवा, आणि सातारा ज्याच्या ताब्यांत त्याच्या हातीं वस्त्रें. म्हणजे शेवटीं सर्व बळावरच आलें. हा आक्षेप साधा नाहीं. त्याची परीक्षा १७७३-७४ सालच्या घडामोडींत होते.

नारायणरावाचा खून ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत झाला. रघुनाथराव घराण्यांतील वडील पुरुष, नांवाजलेला सेनापति, आणि वाड्यांत हजर होता. तरी वस्त्रांवांचून त्याचें चालेना. तो मोहिमेवर निघाला. दत्तक पुत्र अमृतराव यास बजाबा पुरंदऱ्यासह साताऱ्यास पाठवून त्यानें वस्त्रें आणविलीं, व तीं आळेगांवच्या मुक्कामीं घेतलीं. आतां छत्रपतीचीं वस्त्रें त्याच्याजवळ होतीं. पुढें मार्च १७७४ मध्यें पंढरपुराजवळ कासेगांवीं त्यानें बारभाईंच्या त्रिंबकराव पेठ्यास गांठून मोडलें. म्हणजे रणांतहि जय त्याचाच झाला. वस्त्रें आहेत, फौज आहे, जय आहे. आणि तरीहि दोन-चार महिन्यांत तो उत्तरेकडे पळतो व अखेर मार्च १७७५ मध्यें सुरतेच्या तहानें इंग्रजांच्या आश्रयास जातो. हें कसें घडलें?

याचें कारण पुण्यांतील दोन गोष्टींत आहे. एक रामशास्त्री. नारायणरावाच्या खुनाचा दोष रघुनाथरावाकडे येतो, व त्यास देहांतावांचून प्रायश्चित्त नाहीं, असें सांगून शास्त्रीबोवा पुणें सोडून गेले. त्यांच्यामागें फौज नव्हती, किल्ला नव्हता; पण त्या निर्णयानंतर रघुनाथरावाचीं वस्त्रें मळलीं तीं पुनः धुतलीं गेलीं नाहींत. दुसरी गोष्ट गंगाबाईचें गरोदरपण. सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके इत्यादिकांनीं तिला पुरंदरावर नेलें व तिच्या नांवानें कारभार सुरू केला. हा काळ फार लक्षांत घेण्यासारखा आहे. जानेवारीपासून ता. १८ एप्रिल १७७४ पर्यंत ज्याचा जन्म झाला नव्हता त्याच्या हक्काच्या आधारावर राज्य चाललें, आणि वस्त्रें घेतलेला पेशवा त्याच राज्यांत परका ठरला.

मूल झालें, तो मुलगा निघाला. चाळीस दिवसांनीं साताऱ्याहून वस्त्रें पुरंदरास आलीं. ज्या रामराजानें सात-आठ महिन्यांपूर्वीं रघुनाथरावास वस्त्रें दिलीं होतीं, त्यानेंच तीं या बालकास दिलीं. पहिलीं वस्त्रें परत मागितलीं कीं रद्द केलीं हा प्रश्न कोणी काढला नाहीं. बारभाईंच्या दृष्टीनें पाहतां त्यांचा कारभार आधीं सुरू होताच. मग वस्त्रांची गरज काय होती? गरज ही कीं, त्यांवांचून बारभाई म्हणजे धन्याविरुद्ध उठलेले चाकर ठरले असते. वस्त्रें आल्यावर ते नव्या प्रधानाचे कारभारी झाले.

तेव्हां वरील आक्षेपास उत्तर असें. सातारा ताब्यांत असणें व वस्त्रें मिळविणें हें बळानें होई. परंतु बळानें मिळविलेलीं वस्त्रें टिकणें हें बळानें होत नसे. पेशव्याच्या अधिकारास तीन धागे लागत: गादीचें नांव, घराण्यांतील निर्दोष हक्क, आणि मुत्सद्दी-सरदार-शास्त्री यांची मान्यता. रघुनाथरावाजवळ पहिला होता, दुसऱ्यास खुनाचा कलंक लागला, आणि त्यामुळें तिसरा तुटला. पुरंदरावरील मुलाजवळ दुसरा व तिसरा होता, म्हणून पहिला त्याच्याकडे चालून आला. तिघांपैकीं एकटा धागा कोणासहि तोलून धरूं शकला नाहीं.

६

पुढील इतिहासांत या नियमास दुजोराच मिळतो. १७९२ मध्यें महादजी शिंद्यानें बादशहाकडील वकील-इ-मुतलकीचा मान पुण्यास आणला, तेव्हां तो स्वीकारण्यापूर्वीं पेशव्यानें साताऱ्याची परवानगी घेतली. दिल्लीचा नायब होण्यासहि साताऱ्याच्या प्रधानास धन्याची आज्ञा लागली. सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५ मध्यें वारला. १७९६ मध्यें यशोदाबाईच्या मांडीवर चिमाजी अप्पास दत्तक देऊन त्यास वस्त्रें आणविलीं. पण चिमाजी नात्यानें सवाई माधवरावाचा चुलता, दत्तविधान सदोष, आणि शिंद्याची मान्यता फिरलेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत वस्त्रें बाजीरावास मिळालीं व चिमाजीचें दत्तक रद्द धरण्यांत आलें. एका वर्षांत एकाच गादीनें दोघां भावांस पेशवे केलें, आणि दोन्ही वेळां तें गादीच्या इच्छेनें झालें नाहीं. येथें पहिला धागा इतका झिजलेला दिसतो कीं त्यावर भार टाकण्यास भीति वाटावी.

आणि तरीहि शेवटच्या प्रसंगीं दोन्ही पक्ष त्याच धाग्यासाठीं झटले. बाजीराव १८१७-१८ मध्यें पळत असतां छत्रपति प्रतापसिंहास वासोट्याहून काढून बरोबर वागवीत होता. राज्य जात असतांहि छत्रपतीचा देह त्यानें हातचा सोडला नाहीं. इंग्रजांनीं फेब्रुवारी १८१८ मध्यें साताऱ्याचा किल्ला घेतला, आणि दुसऱ्याच दिवशीं, ता. ११ रोजीं, एल्फिन्स्टनचा जाहीरनामा निघाला: पेशवाई बुडविली, परंतु छत्रपतीस राज्य देऊन प्रतिष्ठेनें बसवूं. त्याच महिन्यांत आष्टीच्या लढाईंत बापू गोखले पडला व प्रतापसिंह इंग्रजांच्या हातीं आला. म्हणजे पेशव्यास काढावयाचें झालें तेव्हां इंग्रजांनींहि पेशव्यांचेंच शस्त्र उचललें. सरदारांना बाजीरावाचा पक्ष सोडण्यास तोंड मिळालें तें यामुळें. चाकरी प्रधानाची सोडली, धन्याची नव्हे.

पुढें इंग्रजांचें आसन स्थिर झालें. १८३९ मध्यें प्रतापसिंहास पदच्युत केलें, आणि १८४८ मध्यें राज्यच खालसा केलें. ज्यांच्या अधिकाराचा उगम साताऱ्यास नव्हता त्यांना साताऱ्याची गरज कांहीं काळापुरतीच होती. पेशव्यांना ती अखेरपर्यंत होती. बंदिवान छत्रपतीस जवळजवळ सत्तर वर्षें सिंहासनावर राखणारे पेशवे व मोकळ्या छत्रपतीस तीस वर्षांत नाहींसे करणारे इंग्रज, यांतील फरक दयाबुद्धीचा नाहीं. अधिकाराच्या उगमाचा आहे.

७

शेवटीं संग्राहक मित्रांस दोन गोष्टी सुचवून हें टिपण पुरें करितों.

पहिली, शिक्के वाचण्याविषयीं. ‘राजाराम’ हें नांव पाहून कागद राजाराम महाराजांच्या, म्हणजे १७०० पूर्वींच्या काळांत टाकण्याची चूक नवशिक्यांकडून होते. पेशव्यांच्या शिक्क्यांतील राजाराम हा रामराजा होय. तसेंच ‘राजा शाहू’ व ‘माधवराव’ हीं नांवें एकत्र आलीं तर तो कागद थोरल्या माधवरावाचा असूं शकत नाहीं, कारण त्याच्या सर्व कारकीर्दींत गादीवर रामराजा होता. तो सवाई माधवरावाचा, व धाकटा शाहू गादीवर आल्यानंतरचा. ‘बल्लाळ’, ‘नारायण’, ‘रघुनाथ’ हीं पित्याचीं नांवें पुसट असलीं तरी वरच्या ओळीवरून काळाचा निर्णय करण्यास पुष्कळदां मदत होते.

दुसरी, कागद राखण्याविषयीं. शिक्का सुबक दिसतो म्हणून तेवढाच कापून वहींत चिकटविण्याची हौस कांहीं ठिकाणीं आढळते. ती सोडून द्यावी. शिक्का, मजकूर, शेवटचें ‘लेखन सीमा’, जोडावरचे व पाठीवरचे शेरे हें सर्व मिळून एक कागद होतो. त्याचप्रमाणें वस्त्रांच्या खर्चाच्या याद्या, साताऱ्यास पाठविलेल्या नजरांचे तपशील, छत्रपतीच्या खासगी खर्चाचे हिशेब हे कागद पुष्कळ जण किरकोळ म्हणून बाजूस टाकतात. राजकारणाचीं पत्रें सांगतात कीं सत्ता कोणाजवळ होती. हे हिशेब सांगतात कीं ती सत्ता चालविणारे आपला अधिकार कोणाकडून आलेला मानीत होते, आणि त्यासाठीं दरसाल काय मोजीत होते. दोहोंपैकीं दुसरें फार लवकर नष्ट होतें. ज्यांच्या दफ्तरांत असे रुमाल असतील त्यांनीं ते न फोडतां, न वांटतां, जसेच्या तसे जपावे, एवढीच विनंती.